एक कोकणी मिळाला

१० मार्च, सोमवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. नियम तीन: रोज लिहायचं, खरं लिहायचं, थोडक्यात लिहायचं. चाळीस वर्षं लंडनमधल्या वील्डस्टोनच्या गॅरेजमध्ये जॉबकार्डं लिहिली, तेव्हा थोडक्यात लिहिणं जमतं.

श्यामला काल कॅनडाला गेली. सहा आठवडे. साकेतची मुलगी मायरा आता सात महिन्यांची आहे आणि सूनबाईंची, म्हणजे आश्लेषाची, रजा संपते आहे. आजी हवीच.

हीथ्रोला मीच सोडलं. दोन मोठ्या बॅगा. सहा आठवड्यांना दोन बॅगा कशाला म्हटलं, पण बायकांचं असं असतं. डाव्या बॅगेचं मागचं चाक कुरकुरत होतं. तिला ऐकू आलं नव्हतं, मला कार पार्कमध्येच आलं. माझे कान म्हणजे कान आहेत. इंजिन नुसतं सुरू केलं तरी आजार सांगतो, अख्ख्या हॅरोला माहीत आहे. डिकीतून तेलाचा स्प्रे काढला, तिथेच गुडघ्यावर बसून चाक ठीक केलं. श्यामला वरून काहीतरी बोलत होती. झालं, म्हटलं, आता आवाज येणार नाही. तिने मान हलवली आणि आत गेली.

जानेवारीअखेर मी रिटायर झालो, तेव्हापासून घराला शिस्त लावतो आहे. मसाल्याच्या बरण्या लेबलं लावून इंग्रजी नावांच्या अक्षरांप्रमाणे मांडल्या. जिरं C मध्ये, हळद T मध्ये. गोडा मसाला कुठे, हा प्रश्न दोन दिवस होता. श्यामला काहीच बोलली नाही. म्हणजे आवडलं.

संकल्प: ती येईपर्यंत फ्रीजही असाच लावायचा.

११ मार्च

फ्रीज लावला.

२० एप्रिल, रविवार

आज सहा आठवडे झाले. श्यामला आली नाही. मायराला दात येत आहेत. दात येताना आजीला निघता येत नाही, हे मला पटलं. चष्मा आणि शिवणाचा डबा पाठव म्हणाली. पाठवला. सुई-दोरा लागतोच प्रवासात.

रोज लिहायचा नियम थोडा सैल केला आहे. घडलं की लिहायचं.

२४ मे, शनिवार. संध्याकाळी ६.३०

घडलं.

साकेतला व्हिडिओ कॉल केला होता. त्याने फोन मायरासमोर टेकवून ठेवला आणि तो गेला दूध गरम करायला. मी नातीकडे बघून टाळ्या वाजवतोय आणि मागे स्वयंपाकघरात श्यामला आश्लेषाशी बोलते आहे. सामान्य माणसाला ऐकू आलं नसतं. मला शब्द न् शब्द आला.

म्हणाली, अगं, आज मला एक कोकणी मिळाला!

मग हसली. श्यामलाचं असं हसणं मी कधी ऐकलं ते आठवेना.

पुढचं लिहून ठेवतो, जसंच्या तसं. पहाटे पाचला तळ्यावर गाठावा लागतो. लाजरा असतो. गुलाबी रंग दिसला की जवळ येतो. ओठ फार नाजूक, हिसका दिला की संपलं. त्याच्या कलाने घ्यावं लागतं.

आश्लेषा म्हणाली, आई, तुम्हाला तर एकदम जमायला लागलं हं!

सून. माझी सून.

२५ मे, रविवार

विचार केला. श्यामला मूळची गुहागरची. आम्ही कराडकडचे. परदेशात आपल्या मुलखाचा माणूस भेटला की बरं वाटतं, हे मी समजू शकतो. पण पहाटे पाचला?

मराठी मंडळातल्या राजीवला, मित्र म्हणून, नाव न घेता विचारलं. एका ओळखीच्या गृहस्थाची बायको परदेशात एका कोकणी माणसाला पहाटे भेटते, तर त्याने काय करावं. राजीव म्हणाला, पुरुषोत्तम, वहिनींना फोन कर की सरळ. मी म्हटलं, ओळखीचे गृहस्थ आहेत. तो म्हणाला, मग त्यांना सांग सरळ फोन करायला.

राजीवला नाजूक गोष्टी कळत नाहीत.

दुपारी सेंट अ‍ॅन्स सेंटरमधून गुलाबी शर्ट घेतला.

१ जून, रविवार

गुलाबी शर्ट घालून व्हिडिओ कॉल केला. श्यामला म्हणाली, बरं दिसतंय, पण कॉलरचं लेबल काढा. मग ती मायराला झोपवायला गेली. मी साकेतला पुरुषासारखं विचारलं, तो कोकणी कोण आहे.

साकेत इथेच वाढला, त्याचं मराठी असंच आहे. बराच वेळ हसत राहिला आणि म्हणाला, बाबा, ती मासा आहे! कोकनी! लेकमधला साल्मन. आई माझा कयाकमध्ये बसते ना, पुढे. मी पॅडल मारते, ती रॉड धरते.

मासा.

मी पण खूप हसलो. मला कुठेतरी माहीत होतंच. माणसाचे ओठ कोण बघतं!

नंतर एक गोष्ट लक्षात आली. श्यामलाला पोहता येत नाही. हॅरोच्या स्विमिंग पूलवर मी तिला दोनदा म्हटलं होतं शीक म्हणून, तर पाण्याची भीती वाटते म्हणाली. आणि आता होडीत बसते.

संकल्प: कयाकवरून कोकणी पकडायला शिकायचं. गुपचूप. सप्टेंबरात तिच्या वाढदिवसाला तिकडे जाऊन धक्का द्यायचा. पुढे ती, मागे वल्हं मारायला मी. परत येताना दोघं बरोबर.

९ जून, सोमवार

आठ दिवसांत चौसष्ट व्हिडिओ पाहिले. विषय माझ्या हातात आला आहे.

पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. गळ पाण्यात सोडून होडी हळू चालवत राहायची, वेग ताशी सव्वा मैल. गळाच्या पुढे डॉजर, म्हणजे चकचकीत पत्र्याची पट्टी. ती पाण्यात डावी-उजवीकडे डुलायला हवी. गरगर फिरली तर वेग जास्त आहे. डॉजरमागे वीतभर दोरा, मग गुलाबी रबरी झालर, आणि गळाला पांढऱ्या मक्याचा दाणा, लसणाच्या पाण्यात भिजवलेला. सरळ रेषेत जायचं नाही, नागमोडी जायचं. ओठ नाजूक म्हणून काठी लवचीक हवी आणि मध्ये रबरी नळीचा तुकडा. हिसका तो खातो.

हे तर सस्पेन्शन! चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?

सगळं सामान मागवलं. हवा भरायची कयाक, लाइफ जॅकेट, सहा डॉजर, एकोणीस झालरी. सहासष्ट पूर्ण झाली म्हणून रॉड लायसन्स, म्हणजे मासेमारीचा परवाना, सवलतीत मिळाला.

राजीवला न राहवून सांगितलं. तो म्हणाला, ट्रोलिंग? अरे, ते तर तू मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली दहा वर्षं करतोयस.

१५ जून, रविवार

श्यामलाने पार्सलची यादी पाठवली. सोऱ्या, खलबत्ता, जाड कोट, डॉक्टरकडचे रिपोर्ट.

जूनमध्ये जाड कोट! पण तिकडे डोंगर आहेत. आणि तब्येतीची काळजी घेते आहे हे चांगलंच. कोट मीच घडी केला. खिशात खोकल्याच्या दोन गोळ्या आणि रेखावहिनींच्या घराची किल्ली होती. रेखावहिनी केंटनला राहतात, त्यांच्याकडे श्यामलाचं दर बुधवारी भजन असायचं. तीस वर्षं, एक बुधवार चुकला नाही. किल्ली कोटातच राहू दिली.

२२ जून, रविवार

पहिला दिवस. रिकमन्सवर्थच्या पलीकडचं एक तळं. पहाटे पाचलाच गेलो, कोकणीची वेळ तीच.

कयाकमध्ये हवा भरून होते न होते तोच एक गोरा म्हातारा आला आणि म्हणाला, मी बेलिफ. मी म्हटलं, आयुष्यात कुणाचं बिल बुडवलं नाही. मग कळलं की इथे तळ्याच्या राखणदाराला बेलिफ म्हणतात. नाव कीथ.

कीथने तीन गोष्टी सांगितल्या. एक, या तळ्यात ट्रोलिंगला बंदी आहे. दोन, होडीतून मासेमारीलाच बंदी आहे. तीन, कोकनी नावाचा मासा या तळ्यात नाही, इंग्लंडमध्ये नाही, स्कॉटलंडमध्येही नाही. हवा असेल तर अटलांटिक ओलांडून आणखी एक खंड ओलांडावा लागेल.

अनुभव कमी दिसतो.

पण माणूस चांगला. त्याची जुनी व्हॅन खोकत होती, मी लांबूनच म्हटलं, एक्झॉस्टचा सांधा गेलाय. खाली वाकून बघितलं तर गेला होता. मग तडजोड झाली. गळ न लावता मी ट्रोलिंग करू शकतो. काठी, डॉजर, झालर, सगळं चालेल. फक्त गळ नाही.

म्हणजे तळ्यात कोकणी नाही आणि माझ्या दोऱ्याला गळ नाही. सरावाला याहून चांगली परिस्थिती असू शकत नाही. मासा लागून लक्ष विचलित होत नाही.

६ जुलै, रविवार

उलटलो. लिहिण्यासारखं विशेष काही नाही. पाणी गार होतं. कीथने काठीच्या टोकाने जॅकेट धरून ओढलं. त्याने विचारलं, एवढं कशासाठी. मी म्हटलं, बायको सप्टेंबरात परत येते आहे, तिला आणायला जायचंय. तो म्हणाला, माझीही गेली होती बहिणीकडे, दोन हजार अकराला. मी विचारलं, मग? तो म्हणाला, चहा घेणार का.

३ ऑगस्ट, रविवार

जमलं!

डॉजर डुलला की दोऱ्यातून काठीत एक ठोका येतो. टक, टक, टक. डोळे मिटून कानाने वेग धरला. सव्वा मैल. सगळ्या व्हिडिओत मीटर बघा म्हणतात, मला मीटर लागत नाही. पाण्याखाली पंचवीस फुटांवर काय चाललंय ते मला ऐकू येतं.

तिकीट काढलं. २५ सप्टेंबर, हीथ्रो. परतीची दोन.

श्यामलाला कसलाच संशय नाही. मीही काही कमी नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

आता मासा खायचीही सवय हवी, नाहीतर पकडून करायचं काय. आमची आई माळकरी, म्हणून घरात मासा कधी आला नाही. आई नऊ वर्षांपूर्वी गेली. त्यानंतरही आला नाही. तसा विषय निघाला नाही.

रेनर्स लेनच्या दुकानातून बांगडा आणला. पुढे काय करायचं कळेना, म्हणून श्यामलाला फोन केला. म्हटलं, बांगड्याला काय लावतात.

ती बोलायला लागली. आगळ लावा, हळद-तिखट लावा, तांदळाचं पीठ जरा रव्यात मिसळा, तवा तापू द्या, सारखं उलटवू नका. त्यावरून तिच्या वडिलांवर गेली, ते बांगड्याचं डोकं तिच्यासाठी राखून ठेवायचे. सतरा मिनिटं बोलली. अलीकडे आमचे कॉल चार मिनिटांत संपतात.

मी म्हटलं, तुला अजून सगळं आठवतं गं, अडतीस वर्षं मासा खाल्ला नाहीस तरी.

ती म्हणाली, अहो, दर बुधवारी खात होते. रेखाकडे.

मी म्हटलं, भजन?

ती म्हणाली, भजनाहून तोंडाला लिंबू चोळून कोण घरी येतं हो?

मी हसलो. ती नाही हसली. म्हणाली, एकदा मीच म्हटलं होतं, आई गेल्यावर. आता घरात करू का म्हणून. तुम्ही व्हॅनची बॅटरी चार्जिंगला लावत होता.

मला आठवत नाही. हळू बोलली असेल.

हळद T मध्ये सापडली. तिखट C मध्ये शोधलं, R मध्ये शोधलं, मिळालं शेवटी M मध्ये. तोवर बांगडा करपला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

श्यामलाचा मेसेज. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा पाठवाल का, नीट गुंडाळून.

नवरात्र जवळ आलं आहे, त्यासाठी असणार. पूजेला हवी. अन्नपूर्णा तिचीच, लग्नात माहेरहून आलेली. गौरीहाराला हिलाच पुजून ती बोहल्यावर आली होती. विमानातून इथेही मांडीवर घेऊन आली, बॅगेत टाकली नव्हती.

पाठवायची कशाला, मीच घेऊन जाणार आहे. धक्क्यात धक्का.

राजीवला गंमत म्हणून सांगितलं. म्हटलं, चष्म्यापासून सुरू झालं, आता अन्नपूर्णेपर्यंत आली. वाटलं, काहीतरी टोमणा मारेल. तो म्हणाला, रविवारी जेवायला ये आमच्याकडे. मी म्हटलं, रविवारी सराव असतो. तो म्हणाला, मग शनिवारी ये. नाहीतर आत्ता चल.

राजीव हल्ली विचित्रच वागतो.

१३ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी ७

सांगून टाकलं. धक्का मलाच सोसवेना. म्हटलं, पंचवीसला येतो आहे, अन्नपूर्णा घेऊन. कयाक चालवायला शिकलो आहे. तू पुढे बस, मी मागे.

ती म्हणाली, थांबा, मी बाहेर जाऊन बोलते.

दार उघडल्याचा आवाज आला. मग पायऱ्या, चार. मग खडी. ती बसली, लाकडी काहीतरी कुरकुरलं. मी म्हटलं, त्या बाकाचा स्क्रू सैल झालाय.

ती म्हणाली, अहो, ऐका.

तिला जुलैमध्येच पाच वर्षांचा व्हिसा मिळाला आहे. ती इथे परत येणार नाही. आली तर पाहुणी म्हणून येईल. राग नाही म्हणाली. तुम्ही वाईट नाही, कष्ट केलेत, मला काही कमी पडू दिलं नाहीत. फक्त इथे होडीत मी काही बोलले, की साकेत वल्हं थांबवतो.

मी म्हटलं, वल्हं थांबवलं तर डॉजर बुडतो.

हे मी म्हणालो. नियम खरं लिहायचा आहे, म्हणून लिहितो.

तिकडे लांब एक मोटरबोट चालली होती. टू-स्ट्रोक, एक प्लग मिस होत होता. मी सांगितलं नाही.

मी विचारलं, हे कधी ठरलं. ती म्हणाली, मी जाताना सांगितलं होतं. हीथ्रोला. तुम्ही खाली चाकापाशी बसला होता. दोनदा सांगितलं. अहो, चाक राहू द्या, मी परत यायची नाही. तुम्ही वर बघून म्हणालात, झालं, आता आवाज येणार नाही. मला वाटलं, ऐकलंत.

१४ सप्टेंबर

तळ्यावर गेलो. कयाक फुगवली नाही. कीथने चहा दिला. मी त्याला विचारलं, तिकडचा कोकनी या दिवसांत काय करतो ते ठाऊक आहे का. नव्हतं. मी सांगितलं. लालभडक होतो, आणि जिथे जन्मला त्या ओढ्याकडे निघतो. या दिवसांत दाण्याला भुलत नाही, डॉजरकडे बघत नाही. कितीही हळू गेलात तरी. सगळे व्हिडिओ इथे येऊन थांबतात.

कीथ म्हणाला, तुला यातलं बरंच कळतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

विमान सव्वातीनचं होतं. तिकीट रद्द केलेलं नाही, वापरलेलंही नाही.

अन्नपूर्णा पार्सल करायला घेतली. श्यामलाने सांगितलं होतं, तांदूळ तिथेच राहू द्या, नुसती मूर्ती पाठवा. ती वाटीतल्या तांदळात बसलेली असते. श्यामला दर शुक्रवारी ते तांदूळ बदलायची. हे मला माहीत होतं असं वाटत होतं, माहीत नव्हतं. मार्चपासून तेच तांदूळ. उचलली तर खाली सोंडे.

चिंचेने घासली. गुलाबी शर्टात गुंडाळली, त्यात हिसके बसणार नाहीत. वर रबरी नळीचा तुकडा बांधला. पोस्टातल्या मुलीने विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, बायकोचं आहे. ती म्हणाली, नाही, फॉर्मवर काय लिहू. पितळ, म्हटलं.

घरी आलो. दार लावलं. बिजागरी कुरकुरत नाही, नळ ठिबकत नाही, फ्रीजची मोटर मीच गेल्या महिन्यात बसवली. उभा राहून बराच वेळ ऐकलं. कुठेही, काहीही वाजत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तांदूळ बदलले.